'जिटनी' : परवान्याबाहेरील नागरी वाहतूक

इ. स. १९१४ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात खाजगी मोटारींचे मालक ट्रामच्या मार्गावरील अनोळखी उतारूंना पाच सेंट भाड्यात नेऊ लागले. 'जिटनी' हे पाच सेंटच्या नाण्याचे बोलीतील नाव; तेच या वाहनांना मिळाले. मंदीत बेकार झालेल्या अनेकांना त्यातून उपजीविका लाभली. एका अंदाजानुसार १९१५ मध्ये देशात अशा सुमारे ६२,००० मोटारी होत्या. ट्राम कंपन्यांचे उत्पन्न घटताच त्यांच्या आग्रहावरून नगरपालिकांनी परवाना शुल्क व हमीपत्र सक्तीचे केले. अपघातग्रस्तांना भरपाई मिळावी हा हमीपत्राचा घोषित हेतू रास्तच होता. परंतु तो खर्च एकट्या चालकाला पेलणारा नव्हता. काही वर्षांतच बहुतेक जिटनी बंद पडल्या.

कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत मात्र ही प्रथा टिकली, आणि तिचे खरे ऐतिहासिक महत्त्व येथेच आहे. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये येण्यास परवानाधारक टॅक्सीचालक नाखूष असत. साहजिकच बाजारहाट असो वा दवाखाना, तेथील रहिवाशांना बेकायदा जिटनीचाच आधार होता. ऑगस्ट विल्सन यांचे १९८२ मध्ये रंगभूमीवर आलेले 'जिटनी' हे नाटक याच वस्तीतील एका जिटनी ठाण्यात घडते. त्यात १९७७ चा काळ आहे, आणि नगर पुनर्विकासासाठी ठाण्याची इमारत पाडली जाणार आहे.