बधिर हातांचे शिक्षण

कुष्ठरोगात हात दोन वाटांनी निकामी होतो. रोगाचे जंतू त्वचेलगतच्या, तुलनेने थंड राहणाऱ्या नसांमध्ये घर करतात. कोपराच्या आतल्या बाजूची, मनगटाजवळची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची आणि घोट्यामागची नस त्यांच्या तावडीत विशेष सापडते. नस सुजून निकामी झाली की मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचत नाही आणि बोटे आत वळून राहतात. त्याच वेळी त्वचेकडून मेंदूकडे येणारी वर्दीही थांबते. तापलेली पळी, पायात रुतलेला काटा, कुदळीच्या दांड्याने आलेला फोड यांतले काहीच जाणवत नाही. रोगाने बोटे झडतात हा जुना समज खरा नाही. न कळलेल्या जखमा चिघळतात, हाडापर्यंत जातात आणि बोटे झिजतात. म्हणून कुष्ठरोग्याच्या पुनर्वसनात स्नायूला नवे काम शिकवावे लागते आणि हरपलेल्या स्पर्शाला पर्यायही शोधावा लागतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यातील पुनर्वसनाचा इतिहास याच दुहेरी कामाचा आहे.

नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 साली कुष्ठरोगाचा जंतू ओळखला, तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विदर्भातील रोग्याच्या वाट्याला गावाबाहेरचे जिणेच होते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी 1936 साली कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये तपोवन उभारले. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्यात नगरपालिकेचे उपाध्यक्ष असलेले वकील मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांना पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला. त्याच्या भयाने आपण मागे हटलो, ही बोच त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि जून 1951 मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते वरोऱ्याजवळच्या आनंदवन या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीचे उद्घाटन झाले. सुरुवातीची पुंजी होती सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि 14 रुपये. सरकारने दिलेली 50 एकर जमीन दगडाळ आणि झुडपांनी भरलेली होती.

पहिली विहीर आमटे आणि रोग्यांनी मिळून खणली. पुढे शेती, हातमाग, सुतारकाम, पत्र्याचे डबे, छपाई असे उद्योग उभे राहिले. 1967 मध्ये मूलजवळ सोमनाथचा प्रकल्प सुरू झाला. औषधाने जंतू मरतो, पण मेलेली नस परत येत नाही. डॅप्सोन हे औषध 1940च्या दशकापासून वापरात आले, तरी रोगमुक्त माणसाचा हात वाकडा आणि बधिरच राहत होता. अशा हाताने अवजार धरायचे तर स्पर्शाचे काम डोळ्यांवर सोपवावे लागते. दांडा किती घट्ट धरला आहे हे नजरेने ठरवायचे, दांड्याला कापड गुंडाळायचे, चुलीवरचे भांडे फडक्याने उचलायचे, रात्री तळहात-तळपाय उजेडात धरून लाली वा फोड शोधायचा. पाण्यात भिजवून तेल लावल्याने कोरडी त्वचा भेगाळत नाही. शरीराकडून आतून येणारी खबर बंद पडली की ती बाहेरून मिळवायची, हे तत्त्व या साध्या शिस्तीत आहे. पुढे यंत्रांनी तेच तत्त्व वेगळ्या साधनांनी पाळले.

स्नायूंच्या शिक्षणाचा पाया तमिळनाडूतील वेल्लोरला घातला गेला. तेथे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोग्यांच्या हातावर शस्त्रक्रिया सुरू केल्या. निकामी स्नायूच्या जागी शेजारच्या सशक्त स्नायूची कंडरा वळवून जोडायची, अशी ही पद्धत. लोंबणाऱ्या पावलासाठी पोटरीतील स्नायूची कंडरा पुढे आणली जाते. पण मनगट उचलणारा स्नायू बोटे सरळ करण्याच्या कामाला लावला, तरी मेंदूला त्याची सवय नसते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला तो एकच स्नायू वेगळा आवळायला शिकवतात, आणि प्लास्टर निघाल्यावर तेच आवळणे नव्या हालचालीशी जोडायला लावतात. फिजिओथेरपिस्ट स्नायूवर बोट ठेवतो, रोग्याला आरसा दाखवतो, बरोबर हालचाल झाली की लगेच सांगतो. सौम्य विद्युत्‌धारेने स्नायू आकुंचित करून ती हालचाल कशी दिसते हेही दाखवता येते. या विद्युत्‌उपचाराची परंपरा फ्रान्सच्या द्यूशेन यांच्या 1855च्या ग्रंथापर्यंत मागे जाते. मुंबईत हाजी अली येथे 1955 साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली आणि महाराष्ट्रात या शास्त्राला संस्थेचे बळ मिळाले.

स्नायू आकुंचन पावताना सूक्ष्म विद्युत्‌लहरी निघतात. एड्रियन आणि ब्रॉंक यांनी 1929 साली सुईच्या विद्युताग्राने त्या टिपून ध्वनिक्षेपकावर ऐकवल्या. 1960 मध्ये मारिनाची आणि होरांदे यांनी हा आवाज रोग्यालाच ऐकवून स्नायूंचे पुनर्शिक्षण करता येते, असे मांडले. बास्माजियन यांनी 1963 मध्ये दाखवले की आवाज ऐकून व पडद्यावरील रेषा पाहून माणूस स्नायूतील एकेक चालक घटकही, म्हणजे एका चेतापेशीने चालणारा तंतूंचा गटही, हुकमतीत आणू शकतो. पुढे या पद्धतीला बायोफीडबॅक हे नाव पडले. डोळ्यांना न दिसणारी, बोटालाही न कळणारी क्षीण हालचाल यंत्र आवाजाने किंवा प्रकाशाने कळवते. त्यामुळे प्रयत्न वाया जात नाही हे रोग्याला कळते आणि तो पुन्हा प्रयत्न करतो.

स्पर्शाची उणीव विजेने भरून काढण्याचा प्रयत्नही कुष्ठरोगाच्याच क्षेत्रात झाला. ब्रँड 1966 साली अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे अभियंत्यांच्या मदतीने त्यांनी दाब मोजणारे संवेदक बसवलेला हातमोजा तयार करवला. दाब धोक्याच्या पलीकडे गेला की आधी कानात आवाज होत असे, आणि पुढच्या प्रयोगात शरीराच्या संवेदना शाबूत असलेल्या भागाला विजेचा सौम्य झटका बसत असे. यंत्रणा चालली, पण माणसाने ती मानली नाही. काम अडू लागले की रोगी झटका बंद करून काम पुरे करीत आणि जखम व्हायची ती होतच असे. खऱ्या वेदनेला बंद करण्याची कळ नसते, म्हणूनच ती टाळता येत नाही. हा धडा घेऊन ब्रँड यांनी तो प्रकल्प सोडला. त्याच काळात, 1969 मध्ये, पॉल बाख-इ-रिता यांनी खुर्चीच्या पाठीत 400 कंपक बसवून अंध व्यक्तींना पाठीच्या त्वचेवरून चित्राची जाणीव करून दिली. मेंदू एका इंद्रियाचे काम दुसऱ्याकडून शिकतो, हे त्यातून सिद्ध झाले. कृत्रिम हाताला दाबाची जाणीव देणारे आजचे विद्युत्‌स्पर्शाचे प्रयोग याच वाटेने आले आहेत.

गडचिरोलीच्या वनभागात या यंत्रांआधी वीजच पोहोचायची होती. बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो सांभाळला; तेव्हा तेथे रस्ता नव्हता आणि पुढे अनेक वर्षे वीजही नव्हती. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्याआधीच्या वर्षी, 1981 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगासाठी बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि उपचाराचा काळ आटोक्यात आला. राष्ट्रीय पातळीवर 2005 अखेर कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाखाली आले, पण या दोन जिल्ह्यांत नवे रुग्ण सापडण्याचे थांबलेले नाही. शिवाय शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेच्या अभ्यासात गडचिरोलीच्या ग्रामीण भागात पक्षाघात हे मृत्यूचे प्रमुख कारण असल्याचे आढळले. पक्षाघातातून वाचलेल्या माणसाच्या लुळ्या हातालाही स्नायूंचे पुनर्शिक्षण लागते, आणि बायोफीडबॅकचा वापर त्याच्यासाठीही होतो.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र खबर देते, पण ती खबर मानण्याची सवय माणसाला रोजच्या कामातच लागते. नस बधिर होण्यापूर्वी चट्टा दाखवून औषध घेतले, तर हाताला यापैकी काहीच नव्याने शिकावे लागत नाही.