व्यक्तिप्रथम भाषा

अपंगत्वाचा उल्लेख करताना आधी व्यक्तीचा व नंतर तिच्या अपंगत्वाचा निर्देश करण्याची इंग्रजी भाषेतील पद्धती. ‘डिसेबल्ड पर्सन’ ऐवजी ‘पर्सन विथ अ डिसेबिलिटी’ ही रचना तिचे नेहमीचे उदाहरण होय. या पद्धतीविषयीचा वाद वरवर शब्दक्रमाचा वाटतो. वस्तुतः अपंगत्व माणसाच्या ठायी असते की समाजव्यवस्थेत, आणि अपंगांना नाव देण्याचा अधिकार कोणाचा, हे त्यामागील प्रश्न आहेत.

‘इडियट’, ‘इंबेसाइल’ व ‘मोरॉन’ या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बौद्धिक न्यूनतेच्या शास्त्रीय श्रेणी होत्या. ‘मोरॉन’ ही संज्ञा तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड याने १९१० मध्ये मुद्दाम घडविली. कालांतराने या संज्ञा शिव्या बनल्या. पुढे रूढ झालेल्या ‘रिटार्डेड’ या शब्दाचीही तीच गत झाली व २०१० मध्ये अमेरिकेच्या अनेक संघीय कायद्यांतून तो काढून टाकण्यात आला.

ऑरेगन राज्यातील सेलम येथे बौद्धिक अपंगांसाठी फेअरव्ह्यू ही मोठी शासकीय संस्था होती. तेथून बाहेर पडून समाजात राहू लागलेल्या काही जणांनी १९७४ च्या प्रारंभी स्वतःचे संमेलन भरविण्यासाठी बैठका घेतल्या. मतिमंद किंवा अपंग म्हणून ओळखले जाण्याचा कंटाळा आला असून आधी माणूस म्हणून ओळख व्हावी, असे मत एका बैठकीत मांडले गेले आणि त्यावरून संघटनेचे ‘पीपल फर्स्ट’ हे नाव ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भरलेल्या संमेलनास पाचशेहून अधिक लोक आले. ज्यांना स्वतःचे मतच नसते असे गृहीत धरले जाई, त्यांनीच ही मागणी केली होती. पुढे ती तज्ज्ञांच्या नियमपुस्तिकांत शिरली आणि तिच्या उगमाचा बहुतेकांना विसर पडला. अमेरिकेतील १९७५ च्या अपंग बालकांच्या शिक्षणविषयक कायद्याचे नाव १९९० मध्ये या पद्धतीनुसार बदलले. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातही हीच रचना आहे.

विरोधही अपंगांकडूनच झाला. ब्रिटनमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या ‘युनियन ऑफ द फिजिकली इंपेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन’ या संघटनेने १९७६ मध्ये शारीरिक न्यूनता व अपंगत्व यांत भेद केला. पाय नसणे ही न्यूनता; पायऱ्यांमुळे इमारतीत प्रवेश न मिळणे हे समाजाने लादलेले अपंगत्व. या विचारानुसार ‘डिसेबल्ड’ म्हणजे अपंग केले गेलेले लोक. तेव्हा अपंगत्व व्यक्ती‘जवळ’ आहे असे सुचविणारी रचना समाजाला दोषमुक्त करते, असा तेथील चळवळीचा आक्षेप आहे. अमेरिकेतील ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ने १९९३ च्या ठरावात वेगळे कारण दिले : अंध माणूसही माणूसच आहे, हे दरवेळी बजावावे लागण्यात समतेपेक्षा लाजच अधिक दिसते. ‘बुद्धिमान माणूस’ म्हणताना कोणी शब्दांची अशी फिरवाफिरव करीत नाही, हे लक्षात घेता या युक्तिवादाचे बळ मान्य करावे लागते. स्वमग्नता (ऑटिझम) व्यक्तिमत्त्वापासून वेगळी काढता येत नाही, या भूमिकेतून जिम सिंक्लेअर यांनी १९९९ मध्ये या पद्धतीस विरोध केला. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेच्या सातव्या आवृत्तीने (२०१९) दोन्ही रचना ग्राह्य मानल्या असून संबंधितांच्या पसंतीस महत्त्व दिले आहे.

मराठीत विशेषण सामान्यतः नामापूर्वी येते. ‘अपंगत्व असलेली व्यक्ती’ असे म्हटले, तरी व्यक्ती शेवटीच राहते. त्यामुळे इंग्रजीतील शब्दक्रमाचा आग्रह येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. भारतात वाद झाला तो शब्दनिवडीचा. दृष्टिहीन संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले जाते. न्यूनतेचा असा गौरवपर उल्लेख परंपरेला अपरिचित नव्हता. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी डिसेंबर २०१५ मध्ये ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला. तो शासनव्यवहारात रूढ झाला. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्थापलेल्या स्वतंत्र विभागाचे नावही ‘दिव्यांग कल्याण विभाग’ असेच आहे. तथापि हक्क मागणाऱ्यांना दिव्यत्व बहाल केल्याने रस्ते, शाळा व नोकऱ्या खुल्या होत नाहीत, असा आक्षेप अपंगांच्या अनेक संघटनांनी घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीनेही २०१९ मध्ये भारताविषयीच्या निरीक्षणांत हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली.