तलावाचे दागिने आणि गटाचं कर्ज

आमचा धामापूरचा तलाव १५३० साली नागेश देसाईंनी बांधला. काठावर भगवती आईचं देऊळ. जुनी माणसं सांगतात, लग्नघरातून परडीत फुलं घालून तलावात सोडली की फुलांचे दागिने होऊन येत. लग्न आटोपलं की परत करायचे. एकाने ठेवून घेतले, आणि सगळ्या गावाचंच देणं बंद झालं.

यावरून आम्ही शिकलो, उसनं घेऊ नये. पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले ती हिंमत. बाईने कर्ज काढलं तर धोका! नाबार्डने १९९२ पासून बचत गट बँकांना जोडले, तरी ही भीती घराघरांत उरलीच.

पण गोष्टीत दागिने घेणाऱ्या सगळ्याच चुकल्या नव्हत्या; न परतवणारा एकच चुकला. गटाचंही तसंच. म्हणून कर्ज घेण्याआधी सगळ्याजणी मिळून हिशेब मांडू, आणि हप्ता वेळेवर भरू.