सुभा कल्याणचा, कचेरी ठाण्याची

‘उद्या ठाण्याला जायचंय,’ असे आजोबा म्हणाले, की आजी मुकाट्याने भाकऱ्या बांधी. ठाण्याला म्हणजे कोर्टात, हे निराळे सांगावे लागत नसे. बांधावरून चाललेला दावा अपिलात गेला होता. आंबिवलीहून कल्याणपर्यंत पायी, पुढे गाडी. वाटेत कल्याणसारखे मोठे गाव असताना न्याय ठाण्याला कोणी नेऊन ठेवला, हे कोडे मला लहानपणी काही केल्या सुटत नसे.

मास्तरकीत शिरल्यावर ते सुटले. एके काळी न्याय कल्याणलाच होता. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले. पुढे पेशवाईत येथे सुभेदार बसे. रामजी महादेव बिवलकरांच्या त्या सुभेदारवाड्यात आता शाळा भरते. आमच्या पूर्वजांनी फिर्याद नेली असेल, तर ती येथेच!

ठाणे आधी पोर्तुगीजांचे. 1737 मध्ये ते मराठ्यांनी घेतले. पण डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकला आणि मग साष्टी सोडलीच नाही. कल्याण त्यांच्याकडे कायमचे आले ते 1817 साली. सारी मेख येथेच आहे. तोवर साहेबाची खुर्ची ठाण्यात मांडून 43 वर्षे झाली होती. मुंबई जवळ, दाराशी खाडी, हाताशी किल्ला. बसलेला साहेब कशाला उठतो? (किल्ल्याचा भरवसा मात्र फार धरू नये, 1816 मध्ये त्रिंबकजी डेंगळे तेथूनच निसटले.) 1833च्या सुमारास जिल्ह्याचे नावही ठाणे झाले. कल्याणच्या वाट्याला तालुका उरला. 1854 साली आगगाडी कल्याणला पोहोचली आणि कचेरी जवळ आणा म्हणण्याची सोयही गेली.

लांबच्या कचेरीचे दुःख आमचेच नव्हे. मोखाड्याच्या माणसाला ठाणे आमच्याहून किती तरी लांब! 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जव्हार ही जुन्या संस्थानाची राजधानी असूनही मान मिळाला तो रेल्वेवरच्या पालघरला. मोखाडेकरांना घाट उतरणे काही चुकले नाही.

आजोबा अपील जिंकले. दीड हात जमीन मिळाली. गाडीभाड्याचा हिशेब आजीने बोटांवर कधीच करून ठेवला होता. तो तिने त्यांना सांगितला नाही.