अंबाबाईच्या गावातील ताट : तांबडा रस्सा, गूळ आणि एक कप चहा

१/ अंबाबाईचे दर्शन घेऊन महाद्वाराबाहेर आलेला प्रवासी विचारतो, ‘आता खायचे काय?’ कोल्हापूरकर सांगतो : मिसळ, तांबडा-पांढरा रस्सा आणि गंगावेशीत कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र पुढचाही प्रश्न विचारावा. हे ताट देवळाइतके जुने आहे का?

२/ देवीचे स्थान निश्चितच प्राचीन आहे. बाराव्या शतकात येथे राज्य करणारे शिलाहार राजे ‘श्रीमहालक्ष्मीलब्धवरप्रसाद’ असे बिरुद मिरवीत. महालक्ष्मीच्या वराचा प्रसाद ज्यांना लाभला, ते राजे. पण या राजांच्या ताटात तांबडा रस्सा असणे शक्यच नव्हते, कारण त्या काळी भारतात मिरचीच नव्हती.

३/ मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी तिखटपणाची भिस्त मिरी, पिंपळी आणि आल्यावर होती. शिलाहारांच्याच काळात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात मांसाच्या अनेक पाककृती आहेत. मिरची एकीतही नाही. ‘मिरची’ हे नावही आपण जुन्या मिरीवरूनच पाडले.

४/ पांढरा रस्सा चाखताना हे आठवावे. मटणाचे पाणी, नारळाचे दूध, खसखस, तीळ आणि मिरी यांवर तो उभा असतो. तांबड्याचा जीव मात्र लाल मिरचीत आणि कांदा-लसूण चटणीत. एकाच ताटातल्या या दोन वाट्यांत चवीची दोन युगे शेजारी बसलेली असतात.

५/ देवीच्या गावात मटण कसे, असा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. अंबाबाईला पुरणपोळीचा नैवेद्य असतो. पण आषाढात पंचगंगेला नवे पाणी आले की त्या पाण्याचे कलश वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर, म्हणजे त्र्यंबोली देवीकडे जातात आणि घरोघरी मटणाचा बेत होतो. करवीरच्या धार्मिक जीवनात सोवळ्याचे पुरण आणि यात्रेचा रस्सा दोन्हींना जागा आहे.

६/ त्या पुरणातला गूळ ही आधुनिक काळातल्या धोरणाची कथा आहे. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. शेतकऱ्याच्या गुळाला बाजार मिळाला आणि त्या बाजाराला रेल्वे. पुढे भोगावती नदीवरील राधानगरी धरणाची योजनाही त्यांनीच हाती घेतली.

७/ हिवाळ्यात कोल्हापूरला आलात तर गुऱ्हाळ अवश्य पाहा. काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या चिकाने मळी वर येते आणि पाक नेमका कधी उतरवायचा ते गुळव्या केवळ नजरेने ठरवतो. २०१४ मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले.

८/ दूध आणि थंडाईच्या मागे तालमी आहेत. महाराजांनी मल्लांना आश्रय दिला; १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. पैलवानाची खुराक हळूहळू साऱ्या शहराची आवड झाली.

९/ आता सर्वांत महत्त्वाचा पदार्थ : चहा. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेत नोकरीस होते. सवर्णांच्या हौदाला स्पर्श केला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यास साहाय्य दिले. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे ‘सत्यसुधारक’ हॉटेल सुरू झाले.

१०/ हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता. गिऱ्हाईक मात्र येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवू लागले. भर रस्त्यात, सर्वांदेखत चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचा. १९१९ मध्ये त्यांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने येथे अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे हुकूमही काढले. पण हुकुमाने हौद खुला करता येतो. कोणी कोणाच्या हातचे प्यावे, हे हुकुमाने ठरत नाही. ते काम त्या कपाने केले.

११/ म्हणून कोल्हापूरचे ताट देवळाइतके जुने नाही, याची खंत करू नये. मिरची समुद्रापलीकडून आली, मिसळीतला बटाटाही तिकडचाच. गुळाला रेल्वेने बाजार दिला. आणि त्या पंक्तीत सर्वांना बसता यावे, यासाठी कोणाला तरी आधी मार खावा लागला.

१२/ पुढच्या वेळी दर्शनानंतर मिसळीच्या दुकानात जाल. बाकावर शेजारी अनोळखी माणूस सरकून जागा देईल आणि त्याची जात तुम्हाला ठाऊक नसेल. कट वाढून घेण्यापूर्वी क्षणभर गंगाराम कांबळे यांचे स्मरण करा. मग चहाही मागवा.