दरबार, वर्गणी आणि हेलसिंकी

आपल्याकडे क्रीडेचा इतिहास लिहिणारे बहुधा पदकापासून आरंभ करतात आणि विक्रमापाशी येऊन थांबतात. खेळाडूच्या प्रवासाचे पैसे कोणाच्या तिजोरीतून निघाले, हा प्रश्न त्यांना कारकुनी वाटतो. परंतु पदकाइतकाच त्या प्रवासाचा जमाखर्चही बोलका असतो. ज्या समाजाला आपल्या तरुणांना समुद्रापार धाडण्याची हौस आहे पण ऐपत नाही, त्याने ती ऐपत कशी उभी केली, हे त्यातून कळते. या दृष्टीने कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून घडलेले मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांची १९४८ आणि १९५२ सालची दोन ऑलिंपिके एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. कारण मल्ल तोच, गाव तेच, मात्र खर्च उचलणारा हात अवघ्या चार वर्षांत बदललेला होता.

या प्रकरणाची पूर्वपीठिका पुण्यातली आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर पहिल्या महायुद्धानंतर ज्या शर्यती झाल्या, त्यांत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतील मुले पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला, आणि १९२० च्या अँटवर्पच्या सामन्यांसाठी तीन धावपटूंचा खर्च त्यांनी स्वतः पत्करला. त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. एका उदार धनिकाच्या दातृत्वावर राष्ट्राचे प्रतिनिधित्व अवलंबून राहावे, याचे त्या काळी कोणास वैषम्य वाटले नाही. कारण विद्या, गायन आणि मल्लविद्या या तिन्हींचे पोषण कोणीतरी मोठ्या घराने करावयाचे, ही रीत सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती.

कोल्हापुरात तर हे मोठे घर म्हणजे साक्षात दरबार. युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडांगण पाहून आलेल्या शाहू महाराजांनी खासबागचे मैदान बांधविले, ते १९१२ मध्ये पुरे झाले. तालमींना आश्रय, मल्लांना खुराक आणि विजेत्याला इनाम, अशी व्यवस्था बसल्यामुळे पंजाबापासूनचे पहिलवान करवीरच्या वाटेला लागले. हा आश्रय केवळ आखाड्यापुरता नव्हता; विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांनाही दरबारने जागा आणि वार्षिक नेमणुका दिल्या, आणि उरलेला भार त्या त्या समाजाच्या वर्गणीवर सोपविला. दरबारचे अनुदान आणि रयतेची वर्गणी यांची ही सांगड करवीरच्या शिक्षणव्यवस्थेत पूर्वीच रुळली होती, एवढे येथे ध्यानी ठेवावे.

खाशाबा कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६ चा, वडील दादासाहेब स्वतः मल्ल. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून ते कोल्हापुरास आले, तेव्हा त्यांचा बांधा इतका ठेंगणा होता की महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेत त्यांचे नाव घालण्यास क्रीडाशिक्षकाने नकार दिला, आणि प्रकरण प्राचार्यांकडे गेले तेव्हा कुठे त्यांना आखाड्यात उतरता आले, असे सांगतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी सोसला. मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवरच्या कुस्तीचे नियम जवळजवळ नव्यानेच शिकावे लागले. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळविले. दरबारी आश्रयाखाली झालेला हा शेवटचा मोठा प्रवास म्हणावयास हरकत नाही, कारण १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजवाडा होता तिथेच राहिला; पण त्याचा खजिना आता प्रजेच्या कामी पडणारा नव्हता, आणि ज्या नव्या सरकारकडे खर्चाचा अधिकार गेला होता, त्याच्या अंदाजपत्रकात कुस्तीगिराच्या प्रवासाचे सदर उघडलेले नव्हते.

म्हणून १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकची वेळ आली, तेव्हा पैशांसाठी दारोदार जाणे आले. सरकारकडे चार हजार रुपयांची मागणी करण्यात आली आणि ती नामंजूर झाली, असे सर्वत्र सांगितले जाते. नव्या राज्यापुढे अन्नधान्याची टंचाई होती, निर्वासितांचा प्रश्न होता. तेव्हा नकार देणाऱ्याला मी सर्वस्वी दोषी धरीत नाही, परंतु दरबार गेल्याने पडलेली पोकळी कोणी भरावयाची याचा विचार दफ्तरात कोणीच केलेला नव्हता, हेही तितकेच खरे. ती पोकळी भरली गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी आणि कऱ्हाड-कोल्हापूरकडच्या हितचिंतकांनी. आणि तरीही रक्कम पुरी होईना, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. प्राध्यापकाच्या संसारात घर म्हणजे आयुष्याची एकमेव स्थावर जिंदगी. ती परत न येण्याचा पुरा संभव असताना एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी सावकाराच्या कागदावर चढविणे ही गोष्ट दातृत्वाच्याही पलीकडची, निव्वळ जामीनकीची होती.

गावकऱ्यांना वर्गणी नवी नव्हती. अंताजी दामोदर काळे यांनी १८९९ मध्ये सुरू केलेल्या पैसा फंडाने माणशी एक पैसा गोळा करीत तळेगावास काचेचा कारखाना उभा केला होता. आणि ज्या कऱ्हाड तालुक्यात गोळेश्वर आहे, त्याच तालुक्यातील काले येथे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. त्या संस्थेच्या मुष्टिफंडासाठी घरोघरी दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढले जाई. ज्या घरांनी मुलांच्या शिक्षणासाठी मुठी ओतल्या, त्यांना गावच्या मुलाच्या आगबोटीच्या किंवा विमानाच्या भाड्याला चार आणे, आठ आणे देणे अवघड वाटले नसावे. अशा निधीत देणारा प्रत्येक जण पुढे त्या यशाचा भागीदार होतो. दरबाराच्या दानात हे घडत नाही.

हेलसिंकीत २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या इशीशी दीर्घ झुंज झाल्यावर नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती न मिळता त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेयोव्हसमोर उभे राहावे लागले, आणि त्यांच्या वतीने तक्रार नोंदविण्यास भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता. मल्लाच्या भाड्यापुरती रक्कम एका प्राचार्याच्या घरावर उभी राहू शकते. आखाड्याच्या काठावर हक्काने बोलणारा माणूस मात्र वर्गणीतून मिळत नाही, तो संस्थेनेच पुरवावा लागतो. भारताचेच दुसरे मल्ल केशव माणगावे यांना त्याच ऑलिंपिकात फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळाला, याची आठवण तर आता फार थोड्यांना असेल.

परतल्यावर कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि एरवी पाव तासाच्या वाटेला सात तास लागले. वर्गणीदारांचा हा वसूल झाला. प्राचार्यांचे कर्ज मात्र गुलालाने फिटणारे नव्हते. ते फेडण्यासाठी खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लढविल्या आणि मिळालेल्या इनामाच्या रकमेतून खर्डेकरांचे घर सोडविले. म्हणजे दरबार गेला, सरकारने हात आखडला, तरी तिकीट काढून फडाला बसणाऱ्या कोल्हापूरकरांनी ही रक्कम अखेर स्वतःच्या खिशातून भरून दिली. १९५४ मध्ये अखिल भारतीय क्रीडा परिषद स्थापन झाली आणि क्रीडेच्या दरखास्तींना एक सरकारी दार मिळाले. १९५५ मध्ये खाशाबा मुंबई राज्याच्या पोलीस दलात फौजदार म्हणून रुजू झाले.