राजापूरच्या गंगेचें मूळ

रत्नागिरी जिल्ह्यांत राजापूरजवळ उन्हाळें म्हणून गांव आहे. तेथील ऊन पाण्याच्या झऱ्यावरून हें नांव पडलें. परंतु गांवाची खरी कीर्ति डोंगरावर केव्हां तरी प्रकटणाऱ्या दुसऱ्याच पाण्यामुळें झाली. तेथें जांभ्या दगडाच्या माळावर चौदा कुंडें बांधलेलीं आहेत. एरवीं तीं कोरडीं असतात. मग एके दिवशीं, पुष्कळदां ऐन उन्हाळ्यांत, वडाच्या मुळाशीं पाणी वर येतें, मूळगंगेपासून काशीकुंडापर्यंत सारीं कुंडें भरतात, आणि ‘गंगा आली’ ही वार्ता पंचक्रोशींत पसरते. तीन वर्षांनीं यावें व दोन-तीन महिने राहावें, असा तिचा शिरस्ता सांगतात. तो तिनें नेहमींच पाळला आहे असें मात्र नाहीं.

हें तीर्थ झालें कसें? परंपरा सांगते, गंगाजी साळुंखे नांवाचा एक कुणबी होता. कोणी त्याला प्रयागचा यात्रेकरू म्हणतात, कोणी पंढरीचा वारकरी. वार्धक्यामुळें त्याचें जाणें खुंटलें, तेव्हां गंगाच त्याच्या शेतांत आली. कथेला साल नाहीं. शिवाय भक्ताचें नांवही गंगाजीच असावें, यामुळें नांवावरून कथा निघाली कीं कथेवरून नांव, असा संशय चिकित्सकास येणारच. तरी एक गोष्ट विसरूं नये. केवळ माहात्म्य वाढविण्यासाठींच कथा रचावयाची असती, तर रचणारानें एखादा ऋषि किंवा राजा निवडला असता. नांगरधारी कुणबी निवडला नसता.

राजाचें नांव मागाहून जोडलें गेलें तें निराळ्या रीतीनें. शिवाजीमहाराजांनीं 1661 सालीं राजापूरची इंग्रजांची वखार लुटली, हें इतिहाससिद्ध आहे; त्यांनीं गंगेवर स्नान केलें, ही लोकांची श्रद्धा. एका गोष्टीच्या पुराव्यावर दुसरी सिद्ध होत नाहीं. 1880 सालीं छापलेल्या जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत या झऱ्याची नोंद आहे, पण तोंपर्यंत तीर्थ जुनेंच झालें होतें.

शास्त्राची उपपत्ति अशी कीं, खडकाच्या पोटांत पोकळी असावी व तिला वाकडी नळी असावी. पाणी नळीच्या माथ्यापर्यंत चढलें कीं वाहूं लागतें, आणि पोकळी रिकामी होईतों थांबत नाहीं. उपपत्ति सुंदर आहे. मात्र कोंकणांत दरसाल मुबलक पाऊस पडत असतां पोकळी भरावयास तीन-तीन वर्षें कां लागावींत, हा प्रश्न उरतोच.

वस्तुतः येथें मुळें दोन आहेत, एक पाण्याचें व एक तीर्थाचें. पाणी मनुष्य येण्यापूर्वींही येत-जात असेल. तीर्थ मात्र कोणीं तरी थांबून पाहिल्यावर, दगड घडवून कुंडें बांधल्यावर आणि त्यांना नद्यांचीं नांवें दिल्यावर झालें. तो पहिला पाहणारा त्या माळावर राबणारा शेतकरीच असणें अधिक संभवनीय आहे.

2020 सालीं महामारीच्या टाळेबंदींत गंगा आली. रस्ते ओस होते, यात्रा भरली नाहीं. कुंडें मात्र भरलीं.